अळूच्या पानामागचा रंग

"नाणं कशाला वाजवताय?" केतकीने विचारलं.

"आवाज ऐकतोय. गप्प बस जरा."

सायकलची काळी फ्रेम मी दोन जुन्या टायरांवर आडवी ठेवली होती आणि रुपयाच्या नाण्याने तिच्या मागच्या उजव्या दांडीवर बोटा-बोटाच्या अंतराने ठोके देत होतो. सीटखालून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जाते ती दांडी. तिच्यावर वीतभर लांब, भुरकट ओरखडा होता. फ्रेम कार्बनच्या धाग्याची, तो आतून फुटला असेल तर तिथे आवाज बसका येतो. इथे तो वरपासून खालपर्यंत एकसारखा, खणखणीत येत होता.

"वरवरचं आहे," मी म्हणालो. "रंग आणि त्यावरचं चकचकीत लॅकर गेलंय फक्त. धागा शाबूत आहे. दोन दिवसांत अशी करून देतो की ओरखडा कुठे होता ते तुलाही सापडणार नाही."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात गोडोलीच्या रस्त्याला जोती वस्तादांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. तिथे माझी सतरा वर्षं झाली होती आणि जिल्ह्यात आपल्याइतकी रंगाची नजर कुणाला नाही, असा माझा पक्का समज होता. समज खोटा नव्हता, हेच वाईट. गावात घाटातून सायकली पळवणारे वाढले, तशी कार्बनच्या फ्रेमची बारीकसारीक कामं माझ्याकडे यायला लागली. तुटकी फ्रेम मी हातात घेत नसे, ती पुण्याला धाडायची. नुसता पृष्ठभाग खरवडला असेल तर ते काम आपलं.

केतकी शिर्के तेव्हा एकवीस वर्षांची असेल. डावा खांदा किंचित उतरलेला. फ्रेम तिने एका केशरी जॅकेटात गुंडाळून आणली होती. जॅकेटाची डावी बाही कोपरापाशी फाटली होती. तो केशरी आमच्या डब्यांत मिळत नाही, कपड्यांतच येतो. धुक्यातही गाडीवाल्याला दिसावा म्हणून मुद्दाम बनवलेला, डोळ्यांत घुसणारा. मी जॅकेट घडी करून स्टुलावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

"पडलीस कुठं?"

"यवतेश्वरच्या घाटात, डिसेंबरमध्ये. म्हणजे पडले असं सगळे म्हणतात. मला काही आठवत नाही. दूधवाल्याला झुडपात सापडले."

वस्ताद दाराशी त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. सहासष्ट वर्षांचा माणूस, अंगात पांढरा सदरा, त्यावर रंगाचा एक थेंब नाही. त्यांनी सबंध मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बस की पोरी. च्या सांगतो."

चहा आला. कप हातात आल्यावर ती बोलायला लागली.

"डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असेल, नाहीतर फीट. रस्ता कोरडा, खड्डा नाही, वळणही नाही. रोज सायकल चालवणारी मुलगी सरळ रस्त्यावर उगीच कशी पडेल? मग गोळ्या सुरू झाल्या. राज्याच्या सायकलिंग शिबिरात माझं नाव होतं, ते गेलं. सायकल बंद, स्कूटर बंद, पोहणं बंद. आई न्हाणीची कडी लावू देत नाही. बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी हाक मारते."

"आन् तुला सवताला काय वाटतं?" वस्तादांनी विचारलं.

"आधी वाटायचं, मागून काहीतरी आलं. एक आवाज आठवायचा. पण म्हणे फीट यायच्या आधी असे आवाज होतात. सायकलवरही या ओरखड्याशिवाय काही नव्हतं. हा दगडाचाच असणार, सगळे म्हणाले. आता मलाही तसंच वाटतं." तिने कप खाली ठेवला. "शनिवारी कराडहून मामा येतोय. सायकल मामेभावाला द्यायची आहे. हे पुसून टाका काका. आई येता-जाता त्याच्याकडे बघते."

ती गेल्यावर वस्तादांनी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एवढीशी पोर. सवताच्या अंगावरचा भरवसा ग्येला की मानसाकडं ऱ्हातं काय?"

त्यांना हे कळणं साहजिक होतं. वस्तादांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, पण डाव्या बाजूचं जग कडेकडेने पुसत चाललं होतं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, घरच्यांनाही नाही. रंगाऱ्याचे डोळे गेले असं गावात झालं की गॅरेजकडे कोण फिरकणार? म्हणून मी डब्यांच्या झाकणांवर कानशीने खाचा पाडून ठेवल्या होत्या. लाल एक, निळा दोन, पिवळा तीन. वस्ताद गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता बोटाने खाच चाचपून बरोबर डबा उचलायचे. अशी फसवणूक आम्ही दोघं मोठ्या कौतुकाने करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काम काढलं. साबणाच्या पाण्याने दांडी धुतली, थिनरचा बोळा हलकेच फिरवला. ओरखड्याच्या चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, म्हणजे हात चुकून चांगल्या लॅकरवर जाणार नाही. मग बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायला सुरुवात केली. या कामात पाण्यावर नजर ठेवायची असते. पांढरं पाणी आलं म्हणजे लॅकर निघतंय, घासत राहा. काळं आलं म्हणजे कार्बनचा धागा लागला, तिथल्या तिथे हात थांबवा.

पांढरं पाणी आलं. मी शीळ घालत घासत राहिलो. दोन तृतीयांश ओरखडा साफ झाला होता तेव्हा पाणी हिरवट आलं.

हिरवं पाणी मी या कामात कधी पाहिलं नव्हतं. सायकलच्या रंगात कुठे हिरवा नव्हता. मी कागद बाजूला ठेवला, दांडी पुसली आणि फ्रेम घेऊन बाहेर उन्हात आलो. ओरखड्याच्या उरलेल्या तीन बोटांत, भुरकट थराच्या खाली, राखाडीवर हिरवी झाक असलेला रंग चोळला गेला होता. आणि त्या रंगात चंदेरी दाणे चमकत होते.

मी तिथेच बादली उपडी घालून बसलो.

तो रंग मीच केला होता. त्याच्या सहा वर्षं आधी वस्तादांनी आपली जीप रंगवायला काढली तेव्हा कुठल्याही कंपनीच्या पुस्तकातली शेड त्यांना पसंत पडेना. शेवटी परसातलं अळूचं पान त्यांनी माझ्यासमोर उलटं धरलं आणि म्हणाले, "हे मागचं अंग बग. ह्यो रंग पायजे." चार दिवस खपून मी तो जमवला. शेवटच्या क्षणी माझ्या कोपराचा धक्का लागून शेजारच्या डब्यातली चंदेरी पूड त्यात सांडली. मला वाटलं, आता खैर नाही. वस्तादांनी काडी बुडवून उन्हात धरली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दव पडल्यावानी दिसतंय." एका चुकीतून झालेला रंग. पुन्हा करायला बसलो असतो तर मलाही जमला नसता. सबंध दुनियेत तो एकाच गाडीवर होता आणि ती गाडी माझ्यापासून वीस पावलांवर, कडुलिंबाखाली उभी होती.

मी जीपपाशी गेलो. मागच्या डाव्या कोपऱ्यावर हात फिरवला. हात गुळगुळीत गेला, कारण ते काम माझंच होतं. डिसेंबरात त्या कोपऱ्यावर काळा घासा उठला होता. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. तरी दुसऱ्याच दिवशी, वस्ताद जेवायला गेले असताना, शिल्लक डब्यातला रंग काढून मी तो मिटवून टाकला. इतकी तत्परता मी स्वतःच्या घरच्या भिंतीलाही कधी दाखवलेली नाही.

घाटात एक मुलगी पडल्याचं त्याच आठवड्यात कानावर आलं होतं. चक्कर येऊन पडली म्हणे. चक्कर, एवढंच मी ऐकलं आणि पुढचं विचारायच्या फंदात पडलो नाही.

परत येऊन मी वॉटर पेपर उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. तीन बोटं रंग उरला होता. दहा हात मारले असते तर पाण्याबरोबर मोरीत गेला असता.

"घासायचा आवाज का थांबला रं?" दारातून वस्ताद म्हणाले.

मी फ्रेम नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगठा दांडीवरून खाली नेला. त्यांचा अंगठा म्हणजे दुसरा डोळाच होता, केसाएवढा चढ-उतारही त्याला कळायचा.

"हितवर झ्याक झालंय. मग हितं थांबलास. का?"

"वस्ताद, खाली आपला रंग हाय."

"आपला म्हंजी?"

"जीपचा."

त्यांचा अंगठा जागच्या जागी राहिला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"बामनोलीला ती मोटार बगायला चाललो हुतो तवा," ते हळू म्हणाले. "धुकं हुतं."

"व्हय."

"काय तरी लागलं हुतं. मी तुला इचारलं, काय लागलं रं?"

"व्हय."

"तू काय म्हनलास?"

"फांदी म्हनलो."

आता सांगतो, जे मी इतका वेळ सांगितलं नाही. त्या सकाळी जीप वस्ताद चालवत होते, पण ते एकटे नव्हते. त्यांच्या डाव्या हाताला मी बसलो होतो. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं बजावलं होतं. पण गाडी सोडली की गाव कारण विचारणार. तेव्हा मीच म्हणालो होतो, "वस्ताद, डावी बाजू माझ्याकडं." वर्षभर आमचं तसंच चाललं होतं. स्टिअरिंग त्यांचं, डावा डोळा माझा. बैल आहे, शाळेची पोरं आहेत, सायकल आहे, जरा उजवीकडं घ्या. मी बोलत राहायचं आणि त्यांनी गाडी हाकायची. कधी काही झालं नाही. त्या दिवशी घाट चढताना मी मोबाइलवर बामणोलीच्या मोटारीच्या पत्र्याचा फोटो मोठा करून बघत होतो. निळ्यात जांभळा किती आहे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

"मला दिसत न्हाई, सर्जा," वस्ताद म्हणाले. "म्हनून तर तुला बसवला हुता."

हे ते रागाने म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते साधं सांगत होते, एखादी वस्तू कुठे ठेवली ते सांगावं तसं. मला रडू आलं. सदतिसाव्या वर्षी मी त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसून रडलो आणि रडता रडता जे बोललो ते आजही मला ऐकू येतं.

"वस्ताद, आजून धा हात मारलं की जाईल सगळं. कुनाला कळनार न्हाई. तुमचं नाव ऱ्हाईल."

त्यांनी फ्रेम उचलून माझ्यापुढे धरली.

"मार की. मला कुठं दिसनार हाय?"

मी फ्रेम घेतली नाही. ते ती तशीच धरून राहिले. हात अवघडले तरी खाली घेईनात.

"काल हितं बसून च्या पिली ती," ते म्हणाले. "न्हानीची कडी लावू देत न्हाईत म्हनली. आईक सर्जा. माझं डोळं ग्येलं ते ग्येलं. त्या पोरीचं काय बी ग्येलेलं न्हाई, आन् ती आंधळ्यावानी जगाय लागलीया." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून जीपची किल्ली काढून माझ्या पायाशी टाकली. "तिला फोन लाव. माझं मी सांगतो. तुझं तू सांग."

केतकी चार वाजता चालत आली. काम आजच झालं का म्हणून खुशीत होती. मी तिला फ्रेम दाखवली, मग कडुलिंबाखाली नेऊन जीप दाखवली. शिल्लक डब्यातला रंग लागलेली काडी तिच्या हातात दिली आणि ती दांडीवरच्या रंगाशेजारी धरायला सांगितली. तिने धरली. उन्हात दोन्हीकडचे चंदेरी दाणे सारखेच चमकले. वस्तादांनी आपल्या डोळ्यांचं सांगितलं. मी शेजारी बसलो होतो ते सांगितलं.

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. चेहरा कोरा पडला.

"म्हणजे मी पडले नाही?"

"नाही. आम्ही पाडलं तुला."

"चक्कर नव्हती आली?"

"नाही."

"फीट?"

"जीप लागली, केतकी. दुसरं काही झालं नाही."

"आवाज झाला होता," ती म्हणाली. "मी सांगत होते. आवाज झाला होता."

ती तिथेच मातीत बसली. हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, बहुधा दोन्ही. मग तिने फोन काढून आईला लावला. मला वाटलं आता आमचं नाव जाणार. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, आज मी न्हाणीची कडी लावणार आहे," आणि फोन बंद केला.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी पोलिसांकडे जबाब दिला. खटला चालला, शिक्षा झाली, ती वस्तादांना झाली. गाडी त्यांच्या हातात होती. कायद्यात डाव्या डोळ्याला कलम नाही. कोर्टातून बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो आधारासाठी होता की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. गॅरेज बंद पडलं. केतकीला मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या हळूहळू बंद केल्या. मामा शनिवारी आला आणि हात हलवत परत गेला. पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा घाट चढली. सायकलवर तीन बोटं ओरखडा तिने तसाच ठेवला होता, असं ऐकलं. माझ्याकडे ती पुन्हा कधी आली नाही आणि तिने का यावं?

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फोन खिशात ठेवून, डोळे पुसून ती उठली तेव्हाचं अजून सांगायचं आहे. रडणं थांबल्यावर तिच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो वस्तादांकडे न जाता सरळ माझ्याकडे आला.

"त्यांना दिसलं नाही," ती म्हणाली. "धक्का लागल्यावर तुम्ही मागं बघितलं होतं?"

वस्तादांनी सबंध मान वळवली. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं असणार, बघितलं असतं तर सर्जा बोलला असता.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "आरशात."

"काय दिसलं?"

"केशरी काहीतरी. झुडपात. मला वाटलं, यवतेश्वराच्या देवळाचं निशाण आहे."

ती गॅरेजात गेली. स्टुलावरचं जॅकेट घेऊन आली आणि दोन्ही बाह्या धरून माझ्यासमोर पसरलं. उन्हात तो रंग डोळ्यांत घुसत होता. सतरा वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की दोन केशरी कधी एक नसतात.

"हे निशाण वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "ते निशाण नव्हतं. मला तेव्हाही कळलं होतं."